साधेपणाची रचना : जॉनी कॅश यांच्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ (१९९४) या ध्वनिमुद्रिकेचे स्वरूप

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात झालेल्या प्रगतीमुळे लोकप्रिय संगीताचे स्वरूप मूलतः बदलले. गायन आणि प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर त्यांचा मेळ घालण्याची सोय उपलब्ध झाली आणि गीत हे केवळ गायनाचे फलित न राहता संयोजक, तंत्रज्ञ व निर्माता यांच्या सामूहिक कर्तृत्वाचे फलित ठरू लागले. या प्रक्रियेमुळे संगीत समृद्ध झाले यात शंका नाही. तथापि, वाद्यमेळाचे थर वाढत गेले की शब्द आणि ते उच्चारणारा कंठ मागे पडतो, हीदेखील वस्तुस्थिती आहे. म्हणूनच दीर्घ कारकीर्द लाभलेला एखादा कलावंत जेव्हा हे सर्व थर दूर सारून केवळ आवाज व एक गिटार एवढ्याच साधनांनिशी श्रोत्यांसमोर येतो, तेव्हा त्या कृतीमागील प्रेरणा व तिचे परिणाम अभ्यासणे उद्बोधक ठरते.

अमेरिकन गीतकार-गायक जॉनी कॅश (१९३२-२००३) यांची २६ एप्रिल १९९४ रोजी प्रकाशित झालेली ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने एक ठळक उदाहरण होय. प्रकाशनसमयी कॅश यांचे वय ६२ वर्षांचे होते. संगीत-व्यवसायाच्या लेखी त्यांचा काळ संपलेला होता. अशा कलावंताने वाद्यवृंदाविना गायिलेल्या १३ गीतांनी त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध घडविला. हा साधेपणा म्हणजे अभाव नसून ती एक विचारपूर्वक केलेली रचना होती आणि तिच्यामुळे कलावंताचे वार्धक्य हाच कलाकृतीचा आशय बनला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

कलावंताचा पूर्वप्रवास

जॉनी कॅश यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९३२ रोजी आर्कान्सा राज्यातील किंग्जलँड येथे झाला. महामंदीच्या काळात निर्धन शेतकऱ्यांसाठी वसविण्यात आलेल्या डायस या वसाहतीत त्यांचे बालपण गेले. कापसाच्या शेतातील कष्ट, चर्चमधील भक्तिगीते आणि रेडिओवरील गाणी यांतून त्यांचा सांगीतिक पिंड घडला. १९४४ साली करवतीच्या कारखान्यातील अपघातात थोरला भाऊ जॅक मरण पावला. या मृत्यूची सावली त्यांच्या आयुष्यावर अखेरपर्यंत राहिली. १९५० ते १९५४ या काळात ते अमेरिकन हवाईदलात होते आणि त्या नोकरीनिमित्त त्यांचे वास्तव्य जर्मनीतही झाले. तेथून परतल्यावर मेम्फिस येथील सॅम फिलिप्स यांच्या ‘सन’ या कंपनीसाठी १९५५ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली.

या आरंभीच्या गीतांचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांच्या चमूत कॅश यांच्या गिटारीखेरीज ल्यूथर पर्किन्स यांची विद्युत-गिटार आणि मार्शल ग्रँट यांचे बास हे एवढेच वाद्य होते. ड्रम नव्हता. ‘आय वॉक द लाइन’ (१९५६) या गीतात कॅश यांनी गिटारीच्या तारांमध्ये कागद अडकवून ड्रमसदृश नाद निर्माण केला होता. साधनांच्या मर्यादेतून शैली घडविण्याचा हा संस्कार त्यांच्यावर प्रारंभीच झालेला होता.

१९५८ साली ते ‘कोलंबिया’ या मोठ्या कंपनीत दाखल झाले. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर केलेल्या गायनाच्या ध्वनिमुद्रिकेने आणि पुढील वर्षीच्या सॅन क्वेंटिन तुरुंगातील ध्वनिमुद्रिकेने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. १९६९ ते १९७१ या काळात त्यांचा स्वतःच्या नावाचा दूरदर्शन कार्यक्रमही प्रसारित होत असे. १९८० मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

या सन्मानानंतर मात्र उतरण सुरू झाली. नॅशव्हिल शहरात केंद्रित झालेला कंट्री संगीताचा व्यवसाय या दशकात नव्या चेहऱ्यांकडे व गुळगुळीत संयोजनाकडे झुकला होता. १९८४ साली कॅश यांनी ‘चिकन इन ब्लॅक’ हे थट्टेवारी गीत ध्वनिमुद्रित केले, ज्याविषयी त्यांना स्वतःलाच पुढे तिटकारा वाटत असे. १९८६ मध्ये कोलंबियाने त्यांच्याशी असलेला २८ वर्षांचा संबंध संपुष्टात आणला. त्यानंतर ‘मर्क्युरी’ या कंपनीसाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिकांनाही फारसा प्रतिसाद लाभला नाही. १९९२ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांचा गौरव केला. पण ज्याचा भूतकाळ गौरवास्पद मानला जातो आणि ज्याच्या वर्तमानाची कोणी दखल घेत नाही, अशी त्या वेळी त्यांची अवस्था होती.

ध्वनिमुद्रणाची प्रक्रिया

१९९३ मध्ये निर्माता रिक रुबिन यांनी कॅश यांच्याकडे एकत्र काम करण्याचा प्रस्ताव मांडला. १९६३ साली जन्मलेले रुबिन हे कॅश यांच्याहून ३१ वर्षांनी लहान. ‘डेफ जॅम’ या हिप-हॉप संगीताच्या कंपनीचे ते सहसंस्थापक असून ‘स्लेयर’सारख्या हेवी मेटल वृंदाचे व ‘रेड हॉट चिली पेपर्स’ या रॉक वृंदाचे निर्माते म्हणून ख्यातनाम होते. कंट्री संगीताशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता आणि ही बाब पथ्यावर पडली असे म्हणावे लागेल. कॅश यांचे गाणे ‘कसे असले पाहिजे’ याविषयी नॅशव्हिलमध्ये रूढ झालेले संकेत त्यांना बांधील नव्हते.

रुबिन यांनी कॅश यांना लॉस एंजेलिस येथील आपल्या घराच्या दिवाणखान्यात बसवून त्यांना आवडणारी गीते केवळ गिटारीवर म्हणावयास सांगितली. जुनी लोकगीते, भक्तिगीते, स्वतःची नवी-जुनी गीते असा हा क्रम चालला. काही गीते नॅशव्हिलनजीकच्या हेंडरसनव्हिल येथील कॅश यांच्या मालकीच्या लाकडी कुटीत मुद्रित झाली. मधल्या काळात अन्य वादकांना सोबत घेऊनही काही प्रयोग झाले. परंतु जी मुद्रणे केवळ पूर्वतयारी म्हणून केली होती तीच अधिक परिणामकारक आहेत, असा निर्णय अखेरीस घेण्यात आला. ‘टेनेसी स्टड’ आणि ‘द मॅन हू कुडन्ट क्राय’ ही दोन गीते लॉस एंजेलिसमधील ‘व्हायपर रूम’ या छोटेखानी क्लबातील श्रोत्यांसमोर मुद्रित झालेली आहेत. त्यांतील टाळ्या व हशा वगळता संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत कॅश यांचा आवाज आणि त्यांची गिटार यांखेरीज काहीही ऐकू येत नाही.

केवळ एका गिटारीवर, रात्रीच्या एकांतात गावे अशी कल्पना आपल्या मनात फार पूर्वीपासून होती, असे कॅश यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. म्हणजे ही कल्पना सर्वस्वी रुबिन यांची नव्हती. कलावंताच्या मनात दडून राहिलेल्या इच्छेवर विश्वास ठेवणारा निर्माता त्याला उशिरा भेटला, एवढेच.

या ध्वनिमुद्रिकेला समकालीन पार्श्वभूमीही होती. १९८९ पासून ‘एमटीव्ही’ वाहिनीवर विद्युत-वाद्यांविना गायनाचा ‘अनप्लग्ड’ हा कार्यक्रम सुरू झाला होता आणि एरिक क्लॅप्टन यांच्या त्याच नावाच्या १९९२ च्या ध्वनिमुद्रिकेला मोठे यश लाभले होते. बॉब डिलन यांनीही १९९२ व १९९३ मध्ये केवळ गिटार व माउथ ऑर्गन यांच्या साथीने पारंपरिक गीतांच्या दोन ध्वनिमुद्रिका प्रकाशित केल्या होत्या. त्याही आधी, १९८२ साली, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची घरगुती कॅसेट-यंत्रावर मुद्रित केलेली ‘नेब्रास्का’ ही कृती आली होती. कॅश यांचा प्रयोग या धारेतील असला तरी त्याचे प्रयोजन वेगळे होते. क्लॅप्टन यांनी आपली काही परिचित गीते नव्या रूपात सादर केली होती, तर कॅश आपल्या विस्मृत होत चाललेल्या अस्तित्वाचीच पुनर्मांडणी करीत होते.

वगळण्याने काय साधते?

वाद्यमेळ वगळल्यामुळे नेमका कोणता परिणाम होतो, याचे तीन अंगांनी विवेचन करता येते.

पहिले अंग लयीचे. ड्रम व बास यांची साथ असताना गायकाला ठरावीक गतीचे बंधन पाळावे लागते. गायक स्वतःच वादक असला की लय त्याच्या शब्दांच्या मागोमाग चालू शकते. महत्त्वाच्या शब्दापूर्वी किंचित थांबणे, ओळीच्या अखेरीस गिटार क्षणभर रोखणे अशा गोष्टी कॅश सहजपणे करतात. त्यामुळे गायन आणि कथन यांतील सीमारेषा पुसट होते. ‘ओह, बरी मी नॉट’ या पारंपरिक गीताच्या आरंभी तर ते गुराख्याची एक प्रार्थना न गाता केवळ बोलून दाखवितात आणि तेथून गीतात केव्हा प्रवेश करतात हे लक्षातही येत नाही.

दुसरे अंग अंतराचे. मायक्रोफोन तोंडाजवळ असला की श्वास, ओठांची हालचाल, व्यंजनांचे घर्षण या सूक्ष्म बाबी मुद्रित होतात आणि मंद्र स्वरांना अधिक भरीवपणा येतो. त्यावर कृत्रिम घुमारा चढविला नाही, तर गायक समोरच्या खुर्चीवर बसला आहे असा भास होतो. भव्य सभागृहाऐवजी श्रोत्याला दिवाणखान्यातील सान्निध्य लाभते. तानपुऱ्याच्या किंवा एकतारीच्या आधाराने होणारे गायन ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हा अनुभव अपरिचित वाटू नये.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे अंग वयाचे. कॅश यांचा मूळचा धीरगंभीर आवाज १९९३ पर्यंत खरखरीत झाला होता. तो वरच्या पट्टीत किंचित थरथरे. एरवीच्या संयोजनात हे दोष लपविले गेले असते. येथे लपविण्यासाठी काही साधनच ठेवलेले नाही. त्यामुळे ज्या गोष्टीमुळे व्यवसायाने त्यांना कालबाह्य ठरविले, तीच गोष्ट गीतांना अर्थ पुरवू लागते. पश्चात्तापाचे गीत पंचविशीतील तरुणाने गाणे आणि व्यसन, आजारपण व १९८८ मधील हृदयशस्त्रक्रिया यांतून पार पडलेल्या साठीतील माणसाने गाणे, यांत शब्द तेच राहूनही आशय बदलतो.

गीतांची निवड आणि आशयसूत्र

१३ पैकी चार गीते, म्हणजे ‘लेट द ट्रेन ब्लो द व्हिसल’, ‘ड्राइव्ह ऑन’, ‘रिडेम्पशन’ आणि ‘लाइक अ सोल्जर’, ही सर्वस्वी कॅश यांची आहेत. ‘डेलियाज गॉन’ हे लोकगीतावर आधारलेले असून त्याच्या श्रेयात त्यांचा वाटा आहे. उर्वरित आठांपैकी एक पारंपरिक आहे, तर अन्य सात गीते निक लो, क्रिस क्रिस्टॉफरसन, ग्लेन डॅन्झिग, लेनर्ड कोहेन, जिमी ड्रिफ्टवुड, टॉम वेट्स आणि लाउडन वेनराइट तिसरे यांची आहेत. लोकगीत, भक्तिगीत, काव्यात्म गीत आणि हेवी मेटल अशा परस्परांपासून दूर असलेल्या प्रांतांतील ही नावे आहेत. त्यांना एकत्र ठेवणारा दुवा एकच : गाणारा कंठ.

तरीही ही निवड स्वैर नाही. अपराध, त्याची जाणीव आणि क्षमेची शक्यता असे एक सूत्र संपूर्ण ध्वनिमुद्रिकेतून वाहताना दिसते. ‘डेलियाज गॉन’मध्ये प्रेयसीचा खून करणारा पुरुष थंडपणे आपले कृत्य सांगतो. ‘द बीस्ट इन मी’ हे निक लो यांचे गीत माणसाच्या अंतरंगातील श्वापदाविषयी आहे. लो हे एके काळी कॅश यांच्या सावत्र मुलीचे पती होते व हे गीत त्यांनी कॅश यांनाच नजरेसमोर ठेवून लिहिले होते. ‘ड्राइव्ह ऑन’ हे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकाचे स्वगत आहे. ‘डाउन देअर बाय द ट्रेन’मध्ये घोर पातक्यांनाही उद्धाराच्या गाडीत जागा दिलेली आहे. ‘रिडेम्पशन’ हे ख्रिस्ताच्या रक्ताने होणाऱ्या मुक्तीचे उघड भक्तिगीत आहे, तर ‘लाइक अ सोल्जर’मध्ये आपल्याच गतायुष्याकडे युद्धातून वाचलेल्या शिपायाप्रमाणे वळून पाहणे आहे. शेवट मात्र ‘द मॅन हू कुडन्ट क्राय’ या उपहासगर्भ कथागीताने, श्रोत्यांच्या हशात होतो. खुनापासून हास्यापर्यंतचा हा क्रम योगायोगाने लागलेला नाही.

यावरून गीतकार-गायक या संज्ञेचाही फेरविचार करावा लागतो. स्वतः लिहिलेले गीत स्वतः गाणे म्हणजे आत्माविष्कार, असे सामान्यतः समजले जाते. येथे निम्म्याहून अधिक गीते इतरांची असूनही संपूर्ण कृती आत्मचरित्रात्मक वाटते. कर्तृत्व हे जसे लेखनात असते तसे निवडीत, क्रमात आणि उच्चारातही असते, याचा हा पुरावा होय.

आक्षेप आणि मर्यादा

या ध्वनिमुद्रिकेचा गौरव करताना दोन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप ‘अस्सलपणा’च्या कल्पनेविषयी आहे. साधे म्हणजे खरे, हे समीकरण तपासून पाहावे लागते. दिवाणखान्यात मुद्रित झालेली सर्व गीते प्रकाशित झालेली नाहीत. कॅश यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २००३ मध्ये निघालेल्या ‘अनअर्थ्ड’ या संचातून वगळलेल्या गीतांचा मोठा साठा उजेडात आला. त्यातून गंभीर व काळोखी गीतांकडे निवडीचा कल होता, हे लक्षात येते. पत्नी जून कार्टर यांच्यासमवेतची खेळकर युगुलगीते गाणारे कॅश या ध्वनिमुद्रिकेत जवळपास अनुपस्थित आहेत. काळ्या झग्यातील कॅश व दोन कुत्रे यांचे मुखपृष्ठावरील छायाचित्रही विशिष्ट प्रतिमा घडविणारे आहे. तात्पर्य, येथे दिसणारा ‘खरा’ कॅश हादेखील त्यांच्या अनेक रूपांतून निवडलेला एक कॅश आहे. म्हणून त्याला खोटा ठरविण्याचे कारण नाही. कोणतीही कला निवडीवाचून संभवत नाही. परंतु साधेपणालाही रचना असते, हे भान अभ्यासकाने बाळगले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो ‘डेलियाज गॉन’शी निगडित आहे. या लोकगीतामागे खरी घटना आहे. १९०० सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना शहरात डेलिया ग्रीन या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर मोझेस ह्यूस्टन या तिच्याच वयाच्या सुमाराच्या मुलाने गोळी झाडली व त्यात तिचा मृत्यू झाला. गीत प्रवास करीत राहिले आणि ती मुलगी मागे पडली. कॅश यांनी १९६२ मध्येही हे गीत मुद्रित केले होते. १९९४ च्या रूपात मारेकऱ्याचे वर्णन अधिक क्रूर झाले आहे. वाद्यमेळाच्या अभावी ही क्रूरता झाकली जात नाही, हे खरे. मारेकरी अखेर तिच्या पावलांच्या आवाजाने बेचैन होतो, हेही खरे. तथापि, गीतात बोलतो तो मारेकरीच. मृत मुलीला स्वतःचा शब्द नाही. क्षमेचे सूत्र मांडणाऱ्या कृतीत पीडितेचा विचार कोठे आहे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. खुनाच्या लोकगीतांच्या संपूर्ण परंपरेलाच तो विचारावा लागेल. ध्वनिमुद्रिकेच्या कलात्मक सामर्थ्यामुळे या प्रश्नाची धार कमी न होता उलट वाढते.

स्वीकार आणि परिणाम

कंट्री संगीत वाजविणाऱ्या रेडिओ केंद्रांनी या ध्वनिमुद्रिकेची फारशी दखल घेतली नाही. समीक्षकांनी व तरुण रॉक श्रोत्यांनी मात्र तिचे मनःपूर्वक स्वागत केले. जून १९९४ मध्ये इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवात कॅश यांनी नव्या पिढीच्या प्रचंड समुदायासमोर गायन केले. १९९५ साली या ध्वनिमुद्रिकेस समकालीन लोकसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ज्या प्रांतात कॅश यांची हयात गेली तो कंट्रीचा विभाग हा नव्हे, ही बाब बोलकी आहे.

पुढील ‘अनचेन्ड’ (१९९६) या ध्वनिमुद्रिकेत टॉम पेटी व त्यांच्या वृंदाची साथ होती. १९९८ मध्ये तिला कंट्री विभागाचे ग्रॅमी लाभले तेव्हा रुबिन यांच्या कंपनीने एका व्यावसायिक नियतकालिकात पानभर जाहिरात देऊन नॅशव्हिलच्या संगीत-व्यवस्थेचे उपरोधाने आभार मानले. त्यानंतर २००० व २००२ मध्ये या मालिकेतील पुढील भाग आले. २००२ च्या भागातील, मूळ ट्रेंट रेझनर यांचे ‘हर्ट’ हे गीत विशेष गाजले. १५ मे २००३ रोजी जून कार्टर कॅश यांचे आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी जॉनी कॅश यांचे निधन झाले. मरणोत्तर २००६ साली प्रकाशित झालेला पाचवा भाग अमेरिकेतील विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचला. १९६९ नंतर त्यांना हे स्थान प्रथमच मिळाले होते. ते स्वीकारावयास ते हयात नव्हते.

समारोप

‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’च्या वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. साधेपणा ही साधनांची उणीव नसून ती आशयानुसारी निवड असू शकते. वाद्यमेळ वगळल्याने शब्द, लय व कंठ यांच्यावरील जबाबदारी वाढते आणि गायकाचे वय हा दोष न राहता अर्थाचा घटक बनतो. त्याचबरोबर, अशा कृतीतील ‘अस्सलपणा’ हाही घडविलेला असतो व तिच्या नैतिक बाजूची चिकित्सा सौंदर्यविचारापासून अलग ठेवता येत नाही.

याखेरीज एक व्यापक प्रश्न शिल्लक राहतो. कलावंताची उपयुक्तता संपली, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? १९८६ मध्ये एका कंपनीने तो निर्णय ५४ वर्षांच्या कॅश यांच्या बाबतीत दिला होता आणि आपल्या ताळेबंदाच्या आधारे तो योग्यही मानला असेल. आठ वर्षांनंतर तोच गायक, तोच आवाज, किंबहुना अधिक थकलेला आवाज, पुन्हा ऐकू आला. बदल झाला तो ऐकण्याच्या रीतीत. या गायकाला आणखी कोणती भर हवी, असे आजवर विचारले जात होते. त्याच्याभोवतीचे काय काढून घेता येईल, हा प्रश्न कोणीतरी प्रथमच विचारला.